चॅटवर परकी भाषा: शब्द कधी पक्का होतो आणि कधी निसटतो

गोव्यात एकाच घरात बोलणे कोकणीतून, वर्तमानपत्र मराठीतून आणि कचेरीचा पत्रव्यवहार इंग्रजीतून चालतो. हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही विशेष आहे असे वाटतही नाही. या भाषांच्या पलीकडे आणखी एक भाषा शिकणारेही इथे जागोजागी भेटतात: शाळेत तिसरी भाषा म्हणून फ्रेंच किंवा पोर्तुगीज घेतलेली मुले, हॉटेल व्यवसायासाठी रशियन किंवा जर्मन शिकणारे तरुण, पोर्तुगालमध्ये जन्मनोंदणी करून युरोपात जाण्याच्या तयारीत असलेली कुटुंबे. या सर्वांना हल्ली एक सल्ला हमखास मिळतो. त्या भाषेच्या माणसाशी मोबाईलवर चॅट करा, शब्द आपोआप येतील. त्याच वेळी घरातले वडीलधारे सांगत असतात की चॅटमुळे येत असलेली भाषाही बिघडते.

भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांनी गेल्या तीसेक वर्षांत या प्रश्नाची बरीच तपासणी केली आहे, आणि तिच्यातून निघणारे उत्तर या दोन्ही मतांशी पूर्णपणे जुळत नाही. चॅटमधून परक्या भाषेचे शब्द शिकता येतात आणि चांगले शिकता येतात. मात्र ते आपोआप येत नाहीत. संभाषण जिथे अडते आणि तो अडथळा दोघे मिळून दूर करतात, तिथे शब्द पक्का होतो. जिथे सगळे सुरळीत चाललेले असते, तिथे बहुतेक शब्द डोळ्यांपुढून नुसते निघून जातात.

शब्द येतो, म्हणजे नेमके काय येते?

एखादा शब्द 'येतो' असे आपण सहज म्हणतो, पण त्या येण्याला अनेक पदर असतात. शब्दसंग्रहाचे ज्येष्ठ अभ्यासक पॉल नेशन यांनी त्याचे तीन भाग केले आहेत: शब्दाचे रूप, म्हणजे तो कसा लिहिला आणि उच्चारला जातो, त्याचा अर्थ, आणि त्याचा वापर, म्हणजे तो कोणत्या शब्दांच्या सोबतीने आणि कोणत्या प्रसंगी येतो. शिवाय शब्द वाचून ओळखणे वेगळे आणि ऐनवेळी तो स्वतःला सुचणे वेगळे. रोज मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्या अनेक गोमंतकीयांना व्यासपीठावर सलग मराठी बोलायची वेळ आली की ओळखीचेच शब्द शोधावे लागतात, याचे कारण हेच आहे. ओळखण्याचे ज्ञान त्यांच्यापाशी भरपूर असते, पण सुचण्याचा सराव झालेला नसतो.

पाठ्यपुस्तकातील शब्दांच्या यादीतून रूप आणि अर्थ यांची जोडी मिळते. वापर मात्र यादीतून मिळत नाही, तो संभाषणातून आणि वाचनातूनच मिळतो. चॅटचा विचार करायचा तो या कमतरतेच्या संदर्भात.

बोलणे आणि लिहिणे यांच्या मधली जागा

चॅटमध्ये वाक्ये बोलण्यासारखी छोटी असतात, समोरचा माणूस लगेच उत्तर देतो, विषय कुठूनही कुठे जातो. तरीही हे सगळे पडद्यावर लिहिलेले राहते. नवशिक्याच्या दृष्टीने हा फरक फार मोलाचा आहे. ऐकलेले किंवा वाचलेले क्षणभर मनात धरून त्यावर काम करण्याची जी आपली क्षमता असते, तिला मानसशास्त्रात कार्यकारी स्मृती म्हणतात. ही क्षमता मर्यादित असते. परक्या भाषेत समोरचा माणूस बोलू लागला की पहिला शब्द उलगडेपर्यंत पुढचे चार निघून जातात आणि हाती काहीच लागत नाही. आपल्या खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांत, बांधावर मानस, म्हणजे पाणी अडवण्या-सोडण्याचे दार, असते, आणि त्यामुळे भरतीचे पाणी हवे तेवढेच आत घेता येते. मानस नसेल तर तेच पाणी शेत बुडवून टाकते. बोलण्याचा लोंढा नवशिक्याला असाच बुडवतो, आणि चॅट त्या लोंढ्यापुढे मानसासारखे उभे राहते. आलेला मेसेज पुन्हा वाचता येतो, मागे जाऊन पाहता येतो, उत्तर लिहून, खोडून, सुधारून पाठवता येते.

याचा परिणाम वर्गातही दिसतो. अमेरिकेतील बर्कली येथे फ्रेंच शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या चर्चांचा रिचर्ड कर्न यांनी अभ्यास केला आणि १९९५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. संगणकावर लेखी चर्चा करताना विद्यार्थ्यांनी तोंडी चर्चेपेक्षा दुपटीहून अधिक वेळा भाग घेतल्याचे त्यांना आढळले. वर्गात एका वेळी एकच जण बोलू शकतो, आणि तो बहुधा धीट विद्यार्थी असतो. लेखी चर्चेत सगळे एकाच वेळी लिहू शकतात, त्यामुळे मागच्या बाकावरच्या मुलालाही आपले वाक्य पूर्ण करायला अवधी मिळतो.

शब्द अडतो तिथे काय घडते?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. समजा, म्हापशाची एक विद्यार्थिनी पोर्तुगीज शिकते आहे आणि लिस्बनजवळच्या सिंत्रा गावातल्या एका मुलीशी तिचे चॅट चालते. एके दिवशी ती मुलगी उशिरा येते आणि पोर्तुगीजमध्ये लिहिते, 'पर्दी उ कोंबॉयु.' आपल्या विद्यार्थिनीला पहिला शब्द माहीत आहे, त्याचा अर्थ 'मी हरवले' किंवा 'माझ्याकडून हरवले'. शेवटचा शब्द तिला माहीत नाही. काय हरवले, हे तिला कळत नाही, म्हणून ती तोच शब्द प्रश्नचिन्ह लावून परत पाठवते. उत्तर येते: ते रुळांवरून जाते, मी रोज सिंत्राहून लिस्बनच्या रोसियु स्थानकापर्यंत त्यातून जाते. तेव्हा आपल्या विद्यार्थिनीच्या डोक्यात प्रकाश पडतो, आणि ती लिहिते की आमच्याकडेही कोंबॉयु आहे, कोकण रेल्वेचा, तो थिवीला थांबतो.

चार मेसेजांच्या या छोट्याशा प्रसंगाला अभ्यासक 'अर्थाची वाटाघाट' म्हणतात. इव्हँजलिन वारोनिस आणि सुझन गॅस यांनी १९८५ मध्ये तिची रचना मांडली. आधी अडवणारा शब्द येतो, मग अडल्याची खूण, मग स्पष्टीकरण आणि शेवटी समजल्याची पावती. मायकेल लाँग यांचे म्हणणे असे की भाषा शिकण्यात अशा वाटाघाटीला विशेष महत्त्व आहे, कारण त्या क्षणी शिकणाऱ्याला नेमके जे हवे असते तेच, त्याला पेलेल अशा भाषेत समोर येते.

या प्रसंगात आपल्या विद्यार्थिनीला किती गोष्टी मिळाल्या ते पाहण्यासारखे आहे. आगगाडीचा शब्द मिळाला, तो कसा लिहायचा ते दिसले आणि तो कोणत्या वाक्यात बसतो तेही कळले. त्याशिवाय, आपण 'गाडी चुकली' म्हणतो तिथे पोर्तुगीज माणूस गाडी 'हरवली' असे म्हणतो, ही शब्दांची सोबत तिला कोणी न शिकवता मिळाली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चौथ्या मेसेजात तिने तो शब्द स्वतः वापरला.

याची प्रत्यक्ष चाचणी झाली आहे. ब्रायन स्मिथ यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी शिकणाऱ्यांच्या जोड्यांना चॅटवर काही कामे दिली होती आणि त्यांत अनोळखी शब्द मुद्दाम घातले होते. काही वेळा जोडीदाराने अडायच्या आधीच शब्दाचा अर्थ सांगून टाकला, काही वेळा शब्द अडला आणि वाटाघाट झाली. वाटाघाट झालेले शब्द शिकणाऱ्यांच्या अधिक लक्षात राहिले. अर्थ तयार हातात मिळणे सोयीचे असते. पण स्मरणात राहण्यासाठी ती सोय कमी पडते.

याचे कारण रिचर्ड श्मिट यांच्या एका अनुभवातून उलगडते, आणि तो अनुभव योगायोगाने पोर्तुगीज भाषेचाच आहे. भाषाशास्त्रज्ञ असलेले श्मिट सुमारे ५ महिने ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथे राहिले. पोर्तुगीज शिकताना ते रोजनिशी लिहीत आणि मधूनमधून त्यांची संभाषणे ध्वनिमुद्रित केली जात. सिल्व्हिया फ्रोटा यांच्यासह त्यांनी ही सामग्री तपासली आणि १९८६ मध्ये निष्कर्ष मांडले. काही शब्दरूपे कानांवर वारंवार पडत असूनही त्यांच्या बोलण्यात उतरली नव्हती. ज्या रूपांकडे आपले लक्ष गेल्याची नोंद त्यांनी रोजनिशीत केली होती, ती मात्र पुढे त्यांच्या बोलण्यात येऊ लागली. 'लक्षात येणे' ही शिकण्याची अट आहे, हा त्यांचा सिद्धांत यातून घडला. चॅटमध्ये शब्द अडतो तेव्हा लक्ष आपसूक त्याच्यावर खिळते, आणि तो पडद्यावर तसाच राहत असल्यामुळे खिळून राहायला जागाही मिळते.

म्हणून चॅटवर परकी भाषा शिकणाऱ्याने एक गोष्ट टाळलीच पाहिजे. न समजलेल्या मेसेजला अंगठा किंवा हसरा चेहरा पाठवून पुढे जाण्याची सवय घातक आहे. ही सवय सभ्यतेपोटी आणि संकोचापोटी लागते, आणि आपल्याकडे तर समोरच्याला पुन्हा विचारणे म्हणजे आपले अज्ञान उघडे करणे अशी भावना फार खोलवर आहे. पण शब्द शिकण्याची संधी प्रत्येक वेळी नेमकी तिथेच वाया जाते.

वाचून समजले, तेवढे पुरेसे का नाही?

समजेल अशी भाषा भरपूर वाचली आणि ऐकली की भाषा येते, असे स्टीफन क्रॅशन यांनी आग्रहाने मांडले, आणि त्यात बरेच तथ्य आहे. पण कॅनडात इंग्रजीभाषक मुलांना सर्व विषय फ्रेंचमधून शिकवणाऱ्या शाळांत मेरिल स्वेन यांना असे दिसले की अनेक वर्षे फ्रेंच ऐकून मुलांचे आकलन उत्तम झाले, तरी त्यांचे बोलणे आणि लिहिणे त्या मानाने कच्चे राहिले. ऐकणाऱ्याला संदर्भावरून भागवून नेता येते. बोलणाऱ्याला शब्द काढावाच लागतो.

आपल्या म्हापशाच्या विद्यार्थिनीला चतुर्थीची माटोळी त्या सिंत्राच्या मुलीला समजावून सांगायची आहे असे समजा. 'आम्ही देवाच्या वर फळे ठेवतो,' असे ती लिहिते, कारण 'टांगणे' या क्रियापदाला पोर्तुगीज शब्द तिला माहीत नाही. पलीकडून प्रश्न येतो: टेबलावर का? मग ती लिहिते की नाही, छताखाली लाकडी चौकट असते, तिला दोरीने नारळ, सुपारीचे घोस, आंब्याचे टाळे आणि रानफळे बांधतो. उत्तर येते: 'अच्छा, पेंदुरादश!' टांगलेली. हा शब्द तिने कोणत्याही यादीतून घेतलेला नाही. तिला तो हवा होता, तो नसल्यामुळे तिचे म्हणणे चुकीचे समजले गेले, आणि तो मिळाल्यावर आपल्या वाक्यात बसतो की नाही हे तिला तपासून पाहावे लागले. गरज, शोध आणि पारख या तीन गोष्टी जितक्या अधिक, तितका शब्द टिकण्याची शक्यता अधिक, असे बातिया लाउफर आणि यान हुल्स्टाइन यांनी २००१ मध्ये मांडले. माटोळीच्या या संवादात तिन्ही आहेत.

तरीही एकदा मिळालेला शब्द आठवड्याभरात निसटू शकतो. जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेचे शब्द शिकवले होते. शब्द एकदा आठवल्यानंतरही ज्यांच्याकडून तो पुन्हा पुन्हा आठवून घेतला गेला, त्यांना आठवड्यानंतर सुमारे ८० टक्के शब्द आठवले. ज्यांना शब्द नुसते पुन्हा पुन्हा वाचायला दिले, त्यांना जेमतेम एक तृतीयांश. म्हणून जुने चॅट उघडून वाचत बसण्यापेक्षा, ते न उघडता मागच्या वेळचे शब्द आठवून पुढच्या संभाषणात मुद्दाम आणणे अधिक उपयोगाचे आहे.

मग उच्चारांचे काय?

हा आक्षेप रास्त आहे. पोर्तुगालमधील पोर्तुगीजमध्ये आघात नसलेले स्वर जवळजवळ गिळले जातात आणि शब्दाच्या शेवटचा 'स' लिस्बनमध्ये 'श' सारखा ऐकू येतो. लिहिलेल्या अक्षरांवरून हे कळणार नाही, त्यामुळे ऐकण्याला पर्याय नाही.

पण चॅटमुळे बोलणे मागे पडते, असे मात्र दिसलेले नाही. स्कॉट पेन आणि पॉल व्हिटनी यांनी २००२ मध्ये स्पॅनिश शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाचे आठवड्यातील ४ पैकी २ तास चॅटवर घेतले, दुसऱ्या गटाचे सर्व तास प्रत्यक्ष बोलण्यात गेले. सत्राच्या शेवटी तोंडी परीक्षेत चॅट करणाऱ्या गटाची प्रगती अधिक होती. आशय ठरवणे, शब्द निवडणे, वाक्य जुळवणे ही मनातली तयारी बोलताना आणि चॅट करताना सारखीच असते. फक्त शेवटची पायरी वेगळी, तिथे जिभेऐवजी बोटे काम करतात. मात्र त्या विद्यार्थ्यांचे उरलेले निम्मे तास बोलण्याचेच होते, हे विसरून चालणार नाही. आवाजी मेसेज पाठवण्याची सोय असतेच. नवा शब्द सिंत्राच्या मुलीच्या आवाजात एकदा मागवून घ्यायला काहीच हरकत नसावी.

चॅटच्या आखूड लेखनाने शुद्धलेखन बिघडणार नाही का?

पोर्तुगीज माणसेही चॅटमध्ये शब्द तोडतात. 'पोर्के' (कारण) आणि 'ताम्बेंय' (सुद्धा) हे शब्द दोन-दोन अक्षरांत उरकतात आणि स्वरांवरची चिन्हे गाळतात. ज्याला मूळ शब्द माहीत आहे त्याचे यात काही बिघडत नाही. नवशिक्याचे मात्र बिघडू शकते, कारण या भाषेत आजी आणि आजोबा यांच्या शब्दांत फरक असतो तो शेवटच्या स्वरावरच्या चिन्हाचाच. चिन्ह गाळले की दोघांचे लेखन एकच होते. म्हणून माझे मत असे की पहिले वर्षभर तरी पूर्ण शब्द आणि सर्व चिन्हे लिहिण्याचा करार जोडीदाराशी करावा, आणि मोबाईलमध्ये त्या भाषेचा कीबोर्ड घालून घ्यावा.

आपोआप शब्द पूर्ण करणारी सोय आणि भाषांतराचे बटण यांबाबत मी अधिक कडक राहीन. शब्द अडला की बटण दाबायचे ठरवले तर वाटाघाटच होत नाही, म्हणजे ज्यातून शब्द पक्का होतो तो प्रसंगच वजा होतो. आधी जोडीदाराला विचारावे, दोन प्रयत्नांनंतरही कळले नाही तरच बटणाकडे वळावे.

नुसत्या चॅटवर किती मजल जाते?

ठरावीक मजल जाते, त्यापुढे नाही. रोजच्या गप्पांत तेच ते शब्द फिरत राहतात. इंग्रजीपुरते बोलायचे तर, वर्तमानपत्र किंवा कादंबरी कोणाच्या मदतीशिवाय वाचण्यासाठी ८,००० ते ९,००० शब्दकुले लागतात असा नेशन यांचा २००६ चा हिशेब आहे. शब्दकुल म्हणजे एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली त्याची रूपे. जेवलीस का, पाऊस आहे का, परीक्षा कशी गेली, एवढ्यावर कोणी त्या संख्येच्या जवळपासही पोहोचणार नाही. त्यासाठी वाचनच हवे. पण वाचनात भेटलेला शब्द वापरून पाहायला चॅट ही उत्तम जागा आहे.

गप्पांना काम जोडले तर शब्दांचा परीघही वाढतो. एकीकडे पणजीच्या कदंब बसस्थानकावरील गाड्यांच्या वेळा आणि दुसरीकडे सिंत्राच्या गाड्यांच्या वेळा असतील, आणि दोघींना मिळून एका काल्पनिक पाहुण्याचा प्रवास आखायचा असेल, तर एकमेकींना विचारल्यावाचून पुढे जाताच येत नाही. १९९० च्या दशकात जर्मनीतील बोखुम विद्यापीठातून ई-मेलवर जोड्या जुळवण्याचा जो उपक्रम चालला, त्यात निम्मा वेळ एकाच्या भाषेला आणि निम्मा दुसऱ्याच्या भाषेला द्यायचा असे तत्त्व होते. पोर्तुगालच्या मुलीला इंग्रजी किंवा कोकणी शिकायची असेल तर आपल्या विद्यार्थिनीकडेही देण्यासारखे भरपूर आहे. वेळेचे गणितही जमते: लिस्बनचे घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे असते, त्यामुळे आपली संध्याकाळ म्हणजे तिथली दुपार. लहान मुलांच्या बाबतीत मात्र अनोळखी व्यक्ती शोधत बसू नये. जोड्या शाळेने किंवा संस्थेने, शिक्षकांच्या नजरेखाली जुळवलेल्या बऱ्या.

माणूस कशाला, यंत्राशीच बोलले तर?

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि तेव्हापासून हा प्रश्न सतत विचारला जातो. यंत्र कधीही उपलब्ध असते, कंटाळत नाही, आणि त्याच्यापुढे चुकायला लाज वाटत नाही. बुजऱ्या विद्यार्थ्यासाठी हे फायदे खरे आहेत. पण एक अडचण या लेखाच्या मुख्य मुद्द्यालाच भिडते. तुमचे मोडकेतोडके वाक्यही यंत्राला बहुधा समजते, आणि ते न अडखळता उत्तर देते. माटोळीच्या वाक्यावर सिंत्राच्या मुलीने 'टेबलावर का?' असे विचारले म्हणून 'टांगणे' हा शब्द पुढे आला. यंत्र कदाचित ती चूक मनातच दुरुस्त करून गणेशोत्सवावर छानसा परिच्छेद लिहून देईल, आणि विद्यार्थिनीला आपल्या वाक्यात काही कमी होते हे कळणारही नाही.

यावर उपाय आहे. माझे म्हणणे संदिग्ध असेल तर अंदाज न करता मला विचार, नवा शब्द लगेच भाषांतर करून न सांगता त्याच भाषेत समजावून सांग, आणि मागच्या वेळचे शब्द मला वापरायला भाग पाड, अशा सूचना यंत्राला सुरुवातीलाच देता येतात. पोर्तुगीज शिकणाऱ्याने आणखी एक सूचना न विसरता द्यावी. ब्राझीलची लोकसंख्या २० कोटींहून अधिक आणि पोर्तुगालची सुमारे १ कोटी असल्यामुळे इंटरनेटवर ब्राझिली पोर्तुगीजच जास्त आहे, आणि यंत्र सहज तिकडे झुकते. लिस्बनचा कोंबॉयु ब्राझीलमध्ये 'त्रेंय' होतो. ज्याला लिस्बनला जायचे आहे त्याने पोर्तुगालमधील भाषा वापर असे स्पष्ट सांगावे.

शिक्षकांना यातून काय घेता येईल?

तोंडी संभाषण हवेत विरते, चॅटची मात्र नोंद राहते, आणि माझ्या मते वर्गासाठी हाच त्याचा सर्वांत मोठा उपयोग आहे. विद्यार्थ्यांच्या संमतीने, खासगी मजकूर वगळून, आठवड्यातून एक संभाषण वर्गात आणले तर कोण कुठल्या शब्दावर अडला, तो कसा सुटला आणि कुठे न समजताच पुढे गेला हे शिक्षकांना ओळ न ओळ दिसते. अंगठा पाठवून सोडून दिलेली एखादी ओळ सापडली की धड्यातील पुढची यादी बाजूला ठेवून त्या ओळीपासून तास सुरू करावा. तिथे अडलेला शब्द त्या वर्गाच्या स्वतःच्या गरजेतून आलेला असतो, आणि पुढच्या आठवड्याच्या चॅटमध्ये तो पुन्हा वापरला गेला की नाही, हेही त्याच नोंदीत तपासता येते.